घरातला पेला

बसम्माला हळू बोलता येत नसे. शिवाजी पेठेतल्या दूधकट्ट्यावर ती म्हैस बांधून उभी राहिली की तिचा आवाज पलीकडच्या तालमीत ऐकू जायचा. "पावणं, पेला मधीच वढू नगा, फेस बसू द्या," असं ती एखाद्या गिऱ्हाइकाला सांगायची तेव्हा रस्त्यानं जाणारा सायकलवालाही पाय टेकून बघायचा. तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जन्म गवळ्याच्या घरात, लग्नही गवळ्याच्याच घरात. म्हशींशी कुजबुज करून दूध निघत नाही, असं ती म्हणायची.

कट्ट्याची रीत कोल्हापूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्याला खरी वाटत नाही. तिन्हीसांजेला गवळी आपापल्या म्हशी रस्त्याकडेला आणून बांधतात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, त्याच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढली जाते, आणि ते कोमट, फेसाळ दूध तो तिथंच उभ्या उभ्या पिऊन मिशा पुसत घरी जातो. तालमीतली पोरं येतात, दुखण्यातून उठलेली माणसं येतात, नव्या जावयाला कौतुकानं घेऊन येणारे सासरेही येतात. बसम्माचं या दुधाबद्दलचं मत ठाम होतं. दूध जिवंत असतं आणि विस्तवावर ठेवलं की मरतं. तापवलेलं दूध चहात घालायला बरं, अंगाला लागायला नाही. हे तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं, आणि सासूला तिच्या सासूनं सांगितलं असणार.

तिचा नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा संगमेश म्हशींच्या खरेदी-विक्रीत पडला. दूरदूरच्या बाजारांना जायचा, पंधरा-पंधरा दिवस घराबाहेर असायचा, आणि आला की नवी म्हैस आणि नव्या गप्पा घेऊन यायचा. शहाण्णव साली त्याचं लग्न झालं. मुलगी शिवलीला, गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावातली. घरात कानडी बोलणारी, सासूला माहेरच्या रीतीनं 'अत्ती' म्हणणारी, आणि इतकी हळू बोलणारी की बसम्माला दर वेळी "काय म्हणलीस?" असं विचारावं लागायचं. त्यांना मूल झालं नाही. दोन हजार एक साली संगमेश गेला. पेठेला सांगितलं, कावीळ झाली होती.

कावीळ नव्हती, हे घरातल्या दोघींना ठाऊक होतं. दवाखान्यात शिवलीलाचंही रक्त तपासलं आणि तिलाही एचआयव्ही निघाला. तिथल्या डॉक्टरांनी बसम्माला समोर बसवून सांगितलं होतं की हे तुमच्या मुलाकडून सुनेला आलंय, तिची यात काही चूक नाही. बसम्माला ते पटलंही होतं. आपला लेक कुठं कुठं मुक्काम करायचा ते आईला काय कळत नसतं?

पण दिवसकार्य आटोपलं आणि बसम्मानं सुनेचं अंथरूण गोठ्याला लागून असलेल्या खोलीत हलवलं. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एक ताटली आणि जर्मनचाच एक पेला तिला वेगळा काढून दिला. दुधाच्या भांड्यांना हात लावायचा नाही, एवढंच सांगितलं. शिवलीलानं मान हलवली. तेव्हापासून शेण काढायचं, वैरण टाकायची, गोठा धुवायचा, ही कामं तिची. धार काढायची, दूध मापायचं, कट्ट्यावर जायचं, ही बसम्माची. शिवल्यानं हा रोग होत नाही, एका ताटात जेवल्यानंही होत नाही, हे बसम्माला दोनदा सांगून झालं होतं, आणि दोन्ही वेळा तिनं "व्हय, व्हय" केलं होतं. विचारलंच कुणी तर सांगायला तिच्याकडं गिऱ्हाइकाचं निमित्त होतं. पेठेत कळलं तर कट्टा मोडेल, हे खोटंही नव्हतं. पण भीती तिची स्वतःची होती, आणि ती निमित्ताआड दडवून ठेवली आहे हेही तिला आतून माहीत होतं.

शिवलीला कधी कुरकुरली नाही. तिचे भाऊ एकदा येऊन लुगडं देऊन गेले, पुन्हा फिरकले नाहीत, त्याबद्दलही ती काही बोलली नाही. आपली ताटली आपण घासायची आणि गोठ्याच्या कट्ट्यावर पालथी घालायची. तिच्या या गप्प राहण्याचाच बसम्माला राग यायचा. सून भांडली असती तर सासूला चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. ती भांडत नव्हती, म्हणून ती पालथी ताटली रोज सकाळी बसम्माच्या डोळ्यांत खुपायची आणि बसम्मा म्हशींवर ओरडायची.

अशी सहा वर्षं गेली. दोन हजार सातच्या दिवाळीनंतर शिवलीलाला जुलाब लागले ते थांबेनात. आधी तिनं लपवलं. एक दिवस वैरणीचा भारा उचलताना ती गोठ्यातच खाली बसली, आणि बसम्मानं तिला उठवायला दंडाला धरलं तेव्हा हातात नुसतं हाड आलं. एवढी वाळली कधी? रोज डोळ्यांसमोर असलेलं माणूस आपण बघितलंच नाही, याची तिला लाज वाटली. तिनं रिक्षा बोलावली आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

तोवर या रोगाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला लागल्या होत्या. संगमेशच्या वेळी त्या मिळत नव्हत्या. शिवलीलाला गोळ्या सुरू झाल्या, आणि तिथल्या डॉक्टर वर्षाराणी मॅडमनी निरोप दिला की पुढच्या वेळी घरचं कुणी तरी सोबत यावं. घरचं म्हणजे बसम्माच. ती जरीकाठाचं लुगडं नेसून, जणू पंचायतीपुढं जायचंय अशा चेहऱ्यानं गेली.

मॅडम वयानं लहान, पण समजावून सांगायला कंटाळत नव्हत्या. "आजी, या रोगाला रक्ताचा रोग म्हणतात, पण त्याचा पहिला घाव आतड्यावर बसतो," त्या म्हणाल्या. "आपल्या पोटात असंख्य जंतू राहतात. ते सगळेच वाईट नसतात. पुष्कळसे आपल्या उपयोगाचे असतात. ते अन्न पचवायला मदत करतात आणि बाहेरून आलेल्या वाईट जंतूंना बस्तान बसवू देत नाहीत. आतड्याच्या भिंतीत शरीराचे पहारेकरी असतात. हा विषाणू सगळ्यात आधी त्यांनाच खातो. मग ती भिंत विरते, चांगल्या जंतूंची वस्ती उठते, नको ते माजतात आणि आतलं विष रक्तात झिरपायला लागतं. हे आम्हा डॉक्टरांनाही आता आता कळायला लागलंय."

"मग गोळ्या कशाला?" बसम्मानं विचारलं.

"गोळ्यांनी विषाणू दबतो. त्या चुकवायच्या नाहीत, कधीच नाही. पण पोटातली वस्ती परत बसायला वेळ लागतो, म्हणून खाणं सांभाळायचं. घरी दही असतंच ना? ताजं दही, ताक थोडं थोडं देत जा. त्यात चांगले, जिवंत जंतू असतात. ते काही औषध नाही, पण आधार होतो. तुम्ही तर दूधवाल्याच."

दूधवाल्याच, हे ऐकून बसम्माला बरं वाटलं. या सगळ्या दुखण्यात आपल्या हातात असणारं काही तरी आहे, हे तिला पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं. जाताना मॅडम सहज म्हणाल्या, "आणि एकत्र जेवता ना?" बसम्मा म्हणाली, "व्हय की." शिवलीला शेजारीच बसली होती. तिनं मान वर केली नाही.

शिवलीलाला मग आतल्या बाईंकडं बसवून घेतलं. गोळ्या कधी घ्यायच्या, काय खायचं, काय टाळायचं, ते त्या समजावून सांगणार होत्या. बसम्मालाही बसा म्हणाले, पण तिची धारेची वेळ होत आली होती. "तू ऐकून ये, माझी जनावरं खोळंबल्यात," असं सुनेला सांगून ती निघाली.

वाटेत तिच्या डोक्यात जंतूच जंतू होते. पोटातले चांगले जंतू मेलेत, ते परत वाढवायचेत. दह्यात जिवंत जंतू असतात. दह्यात कुठून आले? दुधातून. आणि दूध तापवलं की जंतू मरतात, हे तर शाळेतलं पोरही सांगतं. मग ज्या दुधात जंतू जितेच राहतात ते दूध सोडून दह्या-ताकाचा आडवळणी कारभार कशाला? कट्ट्यावर येऊन माणसं धडधाकट होतात ती उगीच का? जे दूध ती साऱ्या पेठेला पाजत आली, ते घरातल्या आजारी पोरीला मात्र सहा वर्षांत एकदाही दिलं नव्हतं. शिवलीलाला मिळायचा तो काळा चहा, नाही तर उरलेलं ताक. हे आठवलं आणि बसम्माला चालता चालता थांबावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं चंद्रीची धार काढली. चंद्री तिची सगळ्यांत चांगली म्हैस, दुसऱ्या वेताची, दाट दुधाची. आधी ती शिवलीलाचा जर्मनचा पेला घ्यायला गोठ्याच्या कट्ट्यापाशी गेली, तो हातात घेतला, आणि मॅडमनी विचारलेलं आणि आपण ठोकून दिलेलं खोटं तिला आठवलं. तिनं तो पेला होता तिथं ठेवला. घरात जाऊन मांडणीवरचा स्टीलचा पेला काढला, रोजच्या वापरातला, ज्यातून ती स्वतः पाणी प्यायची. त्यात दूध ओतून सुनेपुढं धरलं.

शिवलीलानं पेल्याकडं बघितलं. दुधाकडं नाही, पेल्याकडं. "अत्ती, ह्यो पेला?"

"पी गप. निवंल."

तिनं दोन्ही हातांनी पेला धरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग तो घासला आणि कुठं ठेवायचा ते न कळून तशीच उभी राहिली. बसम्मानं तिच्या हातातून घेऊन तो मांडणीवर ठेवला. त्या दिवशी कट्ट्यावर बसम्मा कुणावर ओरडली नाही, आणि गिऱ्हाइकांना वाटलं हिची तब्येत बरी नसावी.

अपराधी माणसाला चांगलं वागायची फार घाई असते. बसम्मानं कुणाला काही विचारलं नाही. सकाळी एक पेला, संध्याकाळी कट्ट्यावरून आल्यावर एक पेला, असा तिनं नेम धरला. सुनेचं अंथरूणही तिनं पुन्हा माजघरात आणलं. शिवलीला थोडी हसायला लागली. एकदा तर तिनं आपल्या गावच्या जत्रेची हकिगत सांगितली आणि बसम्मानं "काय म्हणलीस?" न विचारता ऐकून घेतली. आपण केलेलं सगळं असं पेल्या-पेल्यानं फिटत जाईल, असं त्या दिवसांत बसम्माला खरोखर वाटत होतं.

आठवडाभरानं शिवलीलाला कापरं भरलं. अंग तव्यासारखं तापलं, जुलाब पुन्हा सुरू झाले, आणि या वेळी रक्त पडायला लागलं. रिक्षात ती बसम्माच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि तिला हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती.

बायकांच्या वॉर्डात तिला सलाईन लावलं. वर्षाराणी मॅडम आल्या, पोट दाबून बघितलं, कागद चाळले, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. "या गोळ्या हिला सोसत नाहीत की काय, अशी मला शंका येतेय," त्या म्हणाल्या. "उद्यापर्यंत बघू. नाही तर बंद कराव्या लागतील."

"बंद करून दुसऱ्या?"

"दुसऱ्या इथं मिळत नाहीत, आजी. म्हणून तर मी थांबलेय." मग त्यांनी शिवलीलाच्या तोंडाजवळ वाकून विचारलं, "बाहेरचं काही, कच्चं काही पोटात गेलंय का?"

शिवलीलानं मान हलवली. नाही.

बसम्मानं भिंतीकडं बघितलं. मॅडम गेल्यावर तिनं नर्सला बाजूला घेऊन विचारलं, कच्चं म्हंजी काय काय? नर्स घाईत होती. कोशिंबीर, उकळलं नाही असलं पाणी, तापवलं नाही असलं दूध, असं सांगून ती पुढच्या खाटेकडं गेली. बसम्मा तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली.

तेव्हाच जाऊन सांगायचं होतं. पण शेजारच्या खाटेवर शालूबाई होती, पेठेतलीच, पोटाच्या ऑपरेशनसाठी आलेली. तिचा नवरा वर्षानुवर्षं बसम्माच्या कट्ट्यावर दूध पीत होता. शालूबाईचं सगळं लक्ष इकडंच होतं. बसम्माच्या दुधानं माणूस दवाखान्यात पडलं, हे पेठेत गेलं तर दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर कुत्रं फिरकणार नाही. आणि सुनेला कसल्या गोळ्या चालू आहेत हा प्रश्न त्याच्यामागं आलाच. संगमेशची कावीळ पुन्हा उकरली जाईल. बसम्मानं स्वतःला समजावलं, असेलही गोळ्यांचंच. आपण काय डॉक्टर आहोत? पेठ आजवर तेच दूध पीत आली, कुणाला काय झालंय?

संध्याकाळी ती सवयीनं कट्ट्यावर गेली. पहिलं गिऱ्हाईक अंबूबाई, जुनी ओळखीची. सोबत तिचा नवरा, नुकताच टायफॉइडमधून उठलेला, लुंगीत पाय लटपटणारा. "बसम्मा, ह्यास्नी भरून दे एक पेला," अंबूबाई म्हणाली. "ताकद याय पायजे." बसम्मा खाली बसली, चंद्रीच्या सडाला हात घातला, आणि तिचा हात चालेना. समोर तो म्हातारा आशेनं पेल्याकडं बघत होता. ती उठली. "आज न्हाय. म्हस आटलीया," म्हणाली. चंद्रीची कास भरून तटतटलेली होती आणि ती अंबूबाईला दिसत होती. अंबूबाई नवऱ्याला घेऊन पुढच्या गवळ्याकडं गेली.

मग असेलही गोळ्यांचंच, असं स्वतःला सांगायची सोय उरली नाही. परक्या माणसाला तिनं तो पेला दिला नव्हता. आपल्या सुनेला मात्र आठवडाभर पाजला होता, आणि त्या पोरीच्या गोळ्या आता त्यापायी बंद होणार होत्या. म्हशी घेऊन बसम्मा घरी आली आणि दूध तिनं मोरीत ओतलं.

सकाळी मॅडम वॉर्डात यायच्या वेळेला ती खाटेजवळ उभी होती. मॅडमच्या कानात सांगायचं, असं तिनं रस्ताभर घोकलं होतं. मॅडम शिवलीलाचा कागद हातात घेऊन लिहायला लागल्या तशी ती पुढं झाली, त्यांच्या खांद्याशी गेली, तोंड उघडलं, आणि आवाज निघाला तो कट्ट्यावरचाच.

"मॅडम, गोळ्या बंद करू नगासा. गोळ्यांचं काय न्हाय त्यात. म्या कच्चं दूध पाजलंय तिला. धारंचं. सकाळ-संध्याकाळ."

शालूबाई उठून बसली. शिवलीलानं डोळे मिटून घेतले.

"कशासाठी?" मॅडमनी विचारलं.

"तुम्हीच म्हणलासा की, प्वाटात जित्तं जंतू पायजेत. तापवलं की मरत्यात. म्हणून म्या न तापवता दिलं."

मॅडम हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी स्टूल ओढून घेतलं. "आजी, घरी दही कसं लावता?"

"कसं म्हंजी? दूध तापवायचं, कोमट करायचं, इरजण घालायचं."

"कच्च्या दुधाला का नाही लावत?"

"नासतंय की ते. कवा तार धरतंय, कवा वास मारतंय. काय लागंल त्याचा नेम न्हाय..." असं म्हणता म्हणता बसम्मा थांबली. चाळीस वर्षं दही लावताना ती आधी दूध तापवत आली होती. तिच्या सासूनं तिला तसंच शिकवलं होतं. हाताला ठाऊक होतं ते तिनं डोक्याला विचारलं नव्हतं.

"तेच," मॅडम म्हणाल्या. "तापवल्यावर दुधातले बरेवाईट बहुतेक सगळे जातात, आणि मग विरजणातले आपल्या माहितीतले तेवढेच वाढतात. कच्च्या दुधात कोण असेल सांगता येत नाही. शेणातले, सडावरचे, हातावरचे. धडधाकट माणसाच्या पोटात त्याची स्वतःची वस्ती भरलेली असते. ती बाहेरच्याला टिकू देत नाही. तरी कधी कधी तोही आजारी पडतोच. हिच्या पोटात बाहेरच्याला हाकलायला कुणी नव्हतं." मग त्यांनी नर्सला काही तपासण्या सांगितल्या, औषधं बदलली, गोळ्या चालू ठेवा म्हणाल्या. जाता जाता वळून एवढंच म्हणाल्या, "काल विचारलं तेव्हा सांगितलं असतंत तर हिचा एक दिवस वाचला असता."

तो एक दिवस बसम्माला पुढं जन्मभर पुरला.

वॉर्डात कुजबुज सुरू झाली. बसम्मा खाटेच्या कडेला बसली. शिवलीलाचे ओठ सुकले होते, पण ती शुद्धीवर होती. बसम्मानं तिचा हात हातात घेतला आणि शक्य तितक्या हळू विचारलं, "तुला काल इचारलं, तर न्हाय का म्हणलीस? तुला काय ठावं, कच्च्यानं झालंय म्हणून? पर दूध प्यालो एवढं तरी सांगायचं."

"मला ठावं होतं," शिवलीला म्हणाली.

"काय ठावं होतं?"

"त्या आतल्या बाईंनी, तुम्ही मला बसवून गेलासा त्याच दिशी सांगितलं होतं. तुम्ही गवळ्याच्या, म्हणून मुद्दाम सांगितलं. कच्चं दूध तोंडाला लावायचं न्हाय म्हणून."

बसम्माला काही समजेना. "मग प्यालीस कशाला?"

शिवलीला छताकडं बघत म्हणाली, "घरातल्या पेल्यातनं दिलासा, अत्ती. नको म्हटलं असतं तर परत दिला नसतासा."

त्या वेळी कुणी बसम्माला शिव्या घातल्या असत्या, चपलेनं मारलं असतं, तरी तिला बरं वाटलं असतं. दूध तिनं अडाणीपणानं पाजलं होतं, आणि अडाणीपणाला माफी असते. पण एका पेल्यासाठी ही पोरगी जिवावर उदार झाली, ती भूक तिच्यात कुणी निर्माण केली? सहा वर्षं रोज एक पालथी ताटली बघून जे तिनं बघितलं नव्हतं ते आता तिच्यासमोर उघडं पडलं होतं. तिला रडता येईना. ती नुसती सुनेचा हात धरून बसून राहिली.

ताप उतरायला वेळ लागला. औषधं कडक होती. मॅडम म्हणाल्या, यानं वाईट जंतूंबरोबर पोटातले उरलेसुरले चांगलेही थोडे मरतील, त्याला इलाज नाही, वस्ती नव्यानं बसवायची. इकडं पेठेत बातमी गेली, आणि जाताना आणखी चार गोष्टी गोळा करून गेली. निम्मी गिऱ्हाइकं पुढच्या गवळ्यांकडं वळली. जी राहिली त्यातल्या दुखण्याच्या माणसांना बसम्मा स्वतःच सांगायला लागली की घरी न्या, चांगली उकळी काढा, मग प्या. शेजारच्या गवळ्यांनी तिला वेड्यात काढलं. एकानं भर कट्ट्यावर विचारलं, तुझ्या सुनेला झालंय तरी काय? बसम्मानं सांगितलं, संगमेशला झालं होतं तेच, आणि त्याच्याकडनंच. हेही ती हळू बोलली नाही.

वॉर्डात ती रोज घरून काही ना काही करून आणायची. भाताची पेज, वरणाचं पाणी, पुढं पुढं ताज्या दह्याचं वाटीभर ताक. शिवलीला पुढं येईल ते संपवायची. आवडलं का विचारलं तर मान हलवायची. बसम्मा तिच्या तोंडाकडं बघत राहायची. ही आपल्याला घाबरून खाते की खरंच भूक आहे, हे तिला ओळखता येत नव्हतं. हातातलं विष आहे म्हणून सांगितलं तरी ही पोरगी पेला परत करणार नाही, ही भीती आता तिला त्या रोगाहून मोठी वाटत होती.

एका दुपारी तिनं नाचणीची पेज आणली होती. शिवलीलानं एक चमचा तोंडात घेतला आणि वाटी खाली ठेवली. सासूकडं बघितलं. मग खाली बघितलं. पुन्हा सासूकडं बघितलं.

"नको ही," ती म्हणाली. "करपलीया."

बसम्मानं बोट बुडवून चाखून बघितलं. पेज खरंच करपली होती. तिच्या डोळ्यांना धार लागली, आणि शेजारची बाई बघते आहे म्हणून तिनं तोंड पदरात घातलं.

"दुसरी आणतो," ती म्हणाली, आणि वाटी उचलून घरी निघाली.